टायरची पत्रिका

टायर ही विकत आणायची वस्तू आहे, निवडायची नव्हे, अशी परवापरवापर्यंत माझी प्रामाणिक समजूत होती. मीठ, काडेपेटी आणि टायर यांत निवडण्यासारखे असते काय? दुकानात जावे, "एक द्या" म्हणावे आणि घरी यावे. काळा नको, जांभळा दाखवा, असे टायरवाल्याला म्हणता येत नाही. काठ बारीक हवा, पदर भरलेला हवा, असल्या वाटाघाटींना तिथे वाव नाही. ज्या खरेदीला बायको बरोबर यायचा हट्ट धरीत नाही त्या खरेदीत निवडण्याजोगे काही नसते, हा मी तीस वर्षांच्या संसारातून काढलेला सिद्धान्त होता.

सिद्धान्ताचा पाया मात्र वडिलार्जित. आमच्या वडिलांकडे लुना होती. लुना ही आमच्या नगरचीच लेक. कायनेटिकने 1972 साली ती बाजारात आणली आणि नगरच्या कारखान्यातून ती साऱ्या देशाच्या गल्लीबोळांत नांदायला गेली. त्या काळी टायर निवडायचा नसे, मिळवायचा असे. मिळालेला टायर वडील फाटेपर्यंत वापरीत आणि फाटला की आतून जुन्या टायरचा तुकडा लावून पुन्हा वापरीत. शेवटी शेवटी त्यात टायर कमी आणि गोधडी जास्त असे. त्यानंतरही तो टाकला जात नसे. आम्हा भावंडांना काठीने पळवायला मिळे. अशा घरात वाढलेल्या माणसाने टायरकडे पाहून एकच प्रश्न विचारायचा असतो : "टिकेल किती?"

मी निवृत्त चित्रकला शिक्षक. मुक्काम नगर. 2024 साली जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. पण आम्ही आधीपासूनच पहिला भाग गाळून नुसते 'नगर' म्हणत होतो, त्यामुळे बोलण्यात आमचे काही अडले नाही. माझ्याकडे शंभर सी.सी.ची एक मोटारसायकल आहे. शाळा होती तोवर ती शाळेत जाई, आता मंडईत जाते. तिच्यावरून एक पेंडी मेथी आणि अर्धा किलो वांगी यांपलीकडची जबाबदारी बरेच दिवसांत आलेली नव्हती. तिच्या मागच्या टायरवरची नक्षी आणि माझ्या डोक्यावरचे केस एकाच सुमारास दिसेनासे झाले. दोन्हींबद्दल माझे धोरण एकच होते : आपण बोलायचे नाही, म्हणजे लोकही बोलत नाहीत.

पण आमच्या कन्येला राहुरीच्या एका बँकेत नोकरी लागली आणि हे धोरण कोसळले. नगर ते राहुरी, जाऊन-येऊन पाऊणशे किलोमीटर. मी एस.टी.चा पास सुचवला. तिने बँकेची वेळ आणि एस.टी.ची वेळ एका कागदावर लिहून त्यांचे जमत नाही हे मला दाखवले. मग म्हणाली, "बाबा, तुमची मोटारसायकल तुम्ही मेथीसाठी ठेवली आहे. मी ती घेते. मेथी चालत आणा, डॉक्टरांनी तुम्हाला चालायलाच सांगितलंय."

गाडी घेण्यापूर्वी तिने तिची पाहणी केली. मागच्या चाकाशी उकिडवी बसली आणि टायरच्या कडेवरचा एक इवलासा त्रिकोण मला दाखवला. गेली सहा वर्षे गाडी पुसतो आहे, पण हा त्रिकोण मी पाहिला नव्हता. त्या त्रिकोणाच्या रेषेत, नक्षीच्या खाचेच्या तळाशी, रबराचा एक बारीक उंचवटा असतो. नक्षी झिजत झिजत त्या उंचवट्याला टेकली की टायरचा कार्यकाळ संपला असे समजायचे. "आणि आपला?" मी विचारले. "आपला उंचवटा आणि नक्षी आता ओळखू येत नाहीत," ती म्हणाली. "कार्यकाळ संपून मुदतवाढीचीही मुदत संपली."

म्हणजे टायर घ्यायचे ठरले. मी टायर घेतो आहे, ही बातमी मी कुणालाही सांगितली नव्हती. तरीही ती संध्याकाळपर्यंत कॉलनीत पसरली आणि सल्लागार येऊ लागले. मुलीचे लग्न आणि गाडीचा टायर या दोन बाबतींत आपल्याकडे अज्ञानी माणूस सापडत नाही.

पहिले आले शेजारचे भाऊसाहेब. हे निवृत्त तलाठी. ते म्हणाले, "गुरुजी, एकच बघायचं. टिकायला पाहिजे. माझ्या स्कूटरचा मागचा टायर 2009 सालचा. अजून नक्षी नव्यासारखी!" भाऊसाहेबांची स्कूटर दर गुरुवारी घरापासून दत्तमंदिरापर्यंत जाते आणि उरलेले सहा दिवस ताडपत्रीखाली असते. उभ्या गाडीचा टायर झिजला नाही, यात टायरचा मोठेपणा तो काय? परंतु तलाठ्याशी नोंदीवरून वाद घालू नये, हा ग्रामीण महाराष्ट्राचा अनुभव आहे. शिवाय खरे सांगायचे तर मला त्यांचे म्हणणे पटलेच होते. "आणि पुढचा टायर बदलू नका," ते जाता जाता म्हणाले. "पुढचा काही करत नाही. नुसता पुढे असतो."

दुसरा आला श्रीगोंद्याचा भाचा. त्याचा प्रश्न टिकण्याचा नव्हता, दिसण्याचा होता. "मामा, बटण टायर टाका. आणि एक नंबर जाड टाका. गाडी वाघासारखी दिसती." बटण टायर म्हणजे ज्याच्यावर रबराची मोठमोठी ढेकळे असतात तो. भाच्याने स्वतःच्या गाडीला ते घातले आहेत. तो गल्लीच्या तोंडाशी आला की पिठाची गिरणी सुरू झाल्यासारखा आवाज येतो आणि आमची ही सवयीने दळणाचा डबा शोधते. शेतातल्या चिखलात ती ढेकळे रुतून पकड घेतात, तिथे ती खरीच कामाची. डांबरी रस्त्यावर मात्र ढेकळांच्या मधली सगळी जागा नुसती हवेत राहते आणि रस्त्याला टेकतात ती चार-दोन बटणे. "राहुरीला ती बँकेत जाणार आहे," मी म्हणालो, "नांगरटीला नाही."

तिसरे भिंगारचे रिसालदारसाहेब. यांची सारी नोकरी चिलखती दलात गेली. आमच्या नगरला त्या दलाचे केंद्र आहे आणि 1994 पासून रणगाड्यांचे संग्रहालयही आहे. पाहुणे आले की आम्ही त्यांना आधी चांदबिबीच्या महालावर नेतो आणि मग रणगाडे दाखवतो. रिसालदारसाहेबांनी माझा प्रश्न शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाले, "टायर ही चीजच कच्ची आहे. आमच्या टँकला पट्टे. पंक्चर नाही, हवा नाही, काही नाही." शंभर सी.सी.ला पट्टे बसणार नाहीत, हे त्यांना सांगायला मला थोडा वेळ लागला. मग मात्र ते एक गोष्ट बोलून गेले. "गाडीवर बसायच्या आधी गाडीभोवती एक चक्कर मारायची. रोज. चाकं बघायची. खिळा, काटा, हवा. लोक गाडी पुसतात, बघत नाहीत." पुसणारा मी समोरच बसलो होतो.

रात्री कन्येने जुन्या टायरच्या कडेवरची अक्षरे मोबाइलच्या उजेडात वाचायला घेतली. आणि मला साक्षात्कार झाला की ही तर पत्रिका! सगळे ग्रह तिथे कोरून ठेवलेले असतात. वाचणारा ज्योतिषी तेवढा पाहिजे.

80/100-18 असे तिथे लिहिलेले होते. पैकी 80 म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. 100 म्हणजे कडेची उंची. पण ती मिलिमीटरमध्ये नव्हे, तर रुंदीच्या टक्केवारीत. शंभर टक्के म्हणजे उंचीही 80 मिलिमीटरच. आणि 18 म्हणजे रिमचा व्यास, तो मात्र इंचात! एका ओळीत मेट्रिक, टक्केवारी आणि इंग्रजांचे इंच सुखाने नांदत होते. मला तो टायर एकदम आपल्या पिढीचा वाटला. आम्हीही कापड मीटरने घेतो, उंची फुटांत सांगतो आणि गुण टक्क्यांत मोजतो.

पुढे 54P असे होते. या चोपन्नाचा अर्थ चोपन्न नव्हे. तो एका कोष्टकातला आकडा आहे आणि त्या कोष्टकात चोपन्नासमोर 212 किलो असते. म्हणजे हा एक टायर, हवा बरोबर असेल तर, 212 किलो भार पेलतो. आमच्या हिने लगेच हिशेब केला : "गाडीचा अर्धा भार, आपण दोघं, आणि वर तुमच्या आत्याबाई. मग बसत नाही." 'पी' म्हणजे वेग, ताशी 150 किलोमीटरपर्यंत. माझी गाडी आयुष्यात साठाच्या वर गेलेली नाही, आणि गेली तेव्हा विळद घाटाचा उतार होता आणि माझी संमती नव्हती. हे आकडे गाडीच्या कारखान्याने जे सांगितले तेच ठेवायचे. भाच्याचा 'एक नंबर जाड' टायर रिमवर नीट बसत नाही, साखळीच्या झाकणाला घासतो आणि पेट्रोल जास्त पितो. जाडपणाने वाघ होता येत नाही, हे मी स्वतःवरून सांगू शकतो.

सर्वांत मजा जन्मतारखेची. एका लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. आमच्या पुढच्या टायरवर 2417 होते. म्हणजे 2017 सालचा चोविसावा आठवडा. त्याची नक्षी अजून शाबूत होती, पण कडेला बारीक बारीक चिरा पडल्या होत्या. रबर ही झाडाची वस्तू. ती उन्हाने, हवेने म्हातारी होते आणि म्हातारी झाली की आपल्यासारखीच कडक होते. वापरली नाही तरी होते. भाऊसाहेबांचा 2009 सालचा टायर आठवून मला त्यांची काळजी वाटली.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघेही टायरवाल्याकडे निघालो. तिघे म्हणजे हीसुद्धा. माझा तीस वर्षांचा सिद्धान्त तिने पायात चपला घालता घालता मोडला.

माळीवाडा स्टँडच्या पलीकडे एका अण्णांचे टायरचे दुकान आहे. अण्णा मूळचे केरळातल्या कोट्टायमकडचे. देशातले बहुतेक नैसर्गिक रबर केरळात पिकते आणि रबर बोर्डाची कचेरीही कोट्टायमलाच आहे. तेव्हा मोसंबीवाला जालन्याचा निघावा तसा टायरवाला कोट्टायमचा निघाला, याचे मला बरे वाटले. तीस वर्षे नगरात काढल्याने अण्णांचे मराठी आता आमच्याइतकेच रांगडे झाले आहे, फक्त थोड्या घाईत असते.

"टिकेल किती?" मी दुकानात शिरताच विचारले. खानदानी प्रश्न.

अण्णांनी उत्तर दिले नाही. उलट विचारले, "चालवणार कोण?"

मी कन्येकडे बोट दाखवले. अण्णांनी तिच्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि माझा हात धरून पंजा एका नव्या टायरवर ठेवला. "एवढंच," ते म्हणाले.

"एवढंच काय?"

"रस्त्याला लागतं ते एवढंच. गाडी मोठी, माणूस मोठा, डोक्यावर हेल्मेट मोठं. पण रस्त्याला चिकटलेलं रबर एका टायरचं एवढंच. तुमच्या पंजाएवढंसुद्धा नाही."

मी पंजा काढून घेतला आणि त्याच्याकडे पाहिले. या पंजाने मी आयुष्यभर मुलांना सफरचंदे काढायला शिकवली. त्याचा आकार इतक्या गंभीरपणे मी कधी पाहिला नव्हता.

मग अण्णांनी दोन टायर पुढे ठेवले. मापाने एक, दिसायला जवळजवळ एक; किमतीत चारशे रुपयांचा फरक. स्वस्त होता तो जास्त टिकणारा. हे ऐकून मी त्याला जवळजवळ मिठीच मारली. जास्त टिकतो आणि स्वस्त! असा जावई मिळाला तर माणूस कुंडली पाहणार नाही.

"हा कडक रबराचा," अण्णा म्हणाले. "झिजत नाही. पण झिजत नाही म्हणजे रस्त्याला धरत पण नाही. हा दुसरा मऊ. हा धरतो. धरतो म्हणून झिजतो."

हे मला एकदम समजले, कारण ही तर पेन्सिलीची गोष्ट होती. फोर-एच पेन्सिल टणक असते. एक घेतली की वर्ष जाते. पण कागदावर ती उमटता उमटत नाही. सिक्स-बी मऊ असते. कागदाला अशी बिलगते की रेघ काळीभोर. पण आठवड्यात निम्मी. मुलांचे पालक मला दरवर्षी विचारीत, "गुरुजी, जास्त दिवस पुरणारी पेन्सिल कोणती?" आणि मी चिडून सांगत असे की पेन्सिल पुरवायची नसते, चित्र काढायचे असते. आज मी त्या पालकांच्या बाकावर बसलो होतो.

"मग सगळ्यांत मऊ द्या," मी एकदम उदार झालो. अण्णा हसले. अगदी मऊ टायर शर्यतीच्या गाड्यांना. ते तापल्याशिवाय नीट धरत नाहीत आणि चार दिवसांत संपतात. रोजच्या गाडीला मधला बरा. म्हणजे टू-बी, मी मनात नोंद केली.

"पण ही नक्षी कशासाठी?" कन्येने विचारले. "पकड नक्षीमुळेच येते ना?"

"नाही ताई. पकड रबराची. नक्षी पाण्यासाठी. खाचांतून पाणी बाहेर जातं, रबर रस्त्याला लागतं. पाणीच नसेल तर गुळगुळीत टायर पण चालतो. शर्यतीत कोरड्या रस्त्यावर गुळगुळीतच घालतात." अण्णांनी आमच्या गाडीचा काढलेला मागचा टायर बोटाने टोकरला. "म्हणून माणूस फसतो. कोरड्यात हा पण बरा चालतो. वाटतं, आहे की अजून. पाऊस पडला की कळतं. पण तेव्हा कळून काय?"

मी त्या जुन्या टायरकडे पाहत राहिलो. आणि इथे मला वाचकांना एक गोष्ट सांगणे भाग आहे, जी मी वीस वर्षे जरा वेगळी सांगत आलो.

2005 सालचा नोव्हेंबर. तेव्हा माझ्याकडे दुसरी गाडी होती. शिर्डीहून आम्ही परत येत होतो. कन्या चार वर्षांची, पुढे टाकीवर, ही मागे. उसाचा हंगाम नुकता लागला होता आणि राहुरीच्या पट्ट्यात तो लागला की रस्त्यावर काय काय असते ते नगरकरांना सांगायला नको. शेतातून निघालेल्या ट्रॉल्या चाकांबरोबर काळी माती डांबरावर आणून पसरतात. पडलेल्या उसांवरून ट्रक जाऊन जाऊन त्यांचा चोथा होतो. त्यात संध्याकाळी शिंतोडे आले. देहऱ्याच्या अलीकडे बांधावरून एक टायरगाडी रस्त्यावर चढली. बैल बिचारे नियमाने चालले होते. मी ब्रेक दाबला. गाडी थांबली नाही. गाडी आडवी झाली आणि आम्ही तिघे रस्त्याशी समांतर बरेच पुढे गेलो.

मोठे काही झाले नाही. हिचे कोपर सोलले, माझी विजार गेली आणि कन्येच्या हनुवटीला तीन टाके पडले. ती खूण अजून आहे. गाडीवानाने उतरून पोरीला उचलले, स्वतःच्या मुंडाशाने तिची हनुवटी दाबून धरली आणि मला एक शब्दही बोलला नाही, हे मला जास्त लागले.

पुढे ही गोष्ट मी नातेवाइकांत सांगू लागलो, ती चिखलाची गोष्ट म्हणून. "काय चिखल हो तो!" दरवर्षी त्या चिखलाची खोली थोडी थोडी वाढत गेली. दहा-बारा वर्षांनी त्यात एखादी ट्रॉली रुतून बसली असती. पण त्या गोष्टीत एक पात्र मी कधीच आणले नाही, ते म्हणजे मागचा टायर. तो गुळगुळीत झाला होता. मला माहीत होते. दसऱ्याला बदलू, दिवाळीला बदलू, बोनस आल्यावर बदलू, असे चालले होते. बोनस आला, त्याचा मिक्सर आला. टायर कोरड्यात बरा चालत होता.

"आपण चिखलावरून घसरलो होतो ना, बाबा, देहऱ्याजवळ?" कन्येने तेवढ्यात विचारले. ती काही खोचून विचारीत नव्हती. अण्णांचे बोलणे ऐकून तिला आठवले असावे.

मी जुन्या टायरवरून नजर न काढता म्हणालो, "चिखल होता. पण फार नव्हता. टायर गेलेला होता. मी बदलला नव्हता."

दुकानात कॉम्प्रेसर तेवढा चालू होता.

"माहितीये," ती म्हणाली. "दहावीत असताना आईनं सांगितलं. मी म्हटलं, बाबा सांगतील तेव्हा सांगतील."

मी हिच्याकडे पाहिले. ही भिंतीवर टांगलेल्या ट्यूबा मोजण्यात गढून गेली होती. थोड्या वेळाने तिने अण्णांना विचारले, "दुसरं काही नको. ओल्यात थांबतो का, तेवढं सांगा." मी तीस वर्षे बायकोला ज्या खरेदीपासून दूर ठेवले, तिच्यातला नेमका प्रश्न तिने अर्ध्या ओळीत विचारला होता.

मऊ रबराचे दोन टायर घेतले. दोन, कारण अण्णांनी भाऊसाहेबांचे शास्त्रही खोडून काढले. ब्रेक लागला की सगळा भार पुढे झुकतो. थांबवण्याचे मोठे काम पुढचे चाक करते. मागचे नुसते साथ देते. पुढचा टायर 'नुसता पुढे असतो' असे नाही. घरातल्या थोरल्या माणसासारखा तो झिजताना दिसत नाही, इतकेच. रिमला ट्यूबलेस चालतो म्हणून दोन्ही ट्यूबलेस घेतले. आमच्या बाजूला बाभळीच्या काट्यांना तोटा नाही. ट्यूबच्या टायरात काटा गेला की हवा एकदम बसते. ट्यूबलेस त्या काट्याला धरून ठेवतो आणि हवा हळूहळू सोडतो. संध्याकाळी रस्त्यात बसण्याऐवजी पोरगी पुढच्या गावापर्यंत पोचते. पत्रिका तपासली : जन्म तीन महिन्यांपूर्वीचा. बाणाची दिशा पाहून टायर चढवले.

अण्णा टायर चढवीत होते तेव्हा कन्येने मोबाइलवर वाचून दाखवले की हवेचा टायर चालता केला तो डनलॉप नावाच्या एका गुरांच्या डॉक्टरने. 1888 साल, गाव बेलफास्ट. त्याच्या आधी थॉमसन नावाच्या एका स्कॉटिश माणसाने 1845 सालीच त्याचे पेटंट घेतले होते, पण ते काही चालले नाही. या डनलॉपच्या लहान मुलाची तीनचाकी सायकल होती. ती दगडी रस्त्यावर खडखडे. म्हणून बापाने रबराच्या नळीत हवा भरून चाकांना गुंडाळली. पुढे त्याचा मोठा कारखाना झाला, आणि आपल्याकडे रबरी चाकांच्या बैलगाडीलाही लोक 'डनलॉप' म्हणू लागले. पण सुरुवात एवढीच. मला त्या गुरांच्या डॉक्टरचा आदर वाटला, आणि थोडी लाजही.

निघताना अण्णा म्हणाले, "पहिले शे-दीडशे किलोमीटर सांभाळून. नवा टायर साच्यातून निघालेला असतो, अंगावर तुकतुकी असते. ती जाईपर्यंत घसरतो."

कन्या सोमवारी कामावर जाणार होती. शनिवारी सकाळी मी गाडी काढली. हिने कुठे म्हणून विचारले नाही. मागे येऊन बसली. राहुरीपर्यंत गेलो, चहा घेतला, परत आलो. दुपारी पुन्हा गेलो, पुन्हा चहा. दीडशे किलोमीटर आणि चार कप. आमच्या वयाच्या जोडप्याला काही कारण नसताना इतक्यांदा राहुरीला जाताना पाहून चहावाल्याने काय समजूत करून घेतली असेल, ती असो.

दुसऱ्यांदा परत येताना देहऱ्याजवळ कुणाची तरी पाइपलाइन फुटून रस्ता पंधरा-वीस पावले ओला झालेला दिसला. मागेपुढे कोणी नव्हते. मी वेग चाळीसवर आणला आणि ओल्यात शिरल्यावर दोन्ही ब्रेक बेताने, पण ठामपणे दाबले. गाडी सरळच्या सरळ थांबली.

"थांबली," मी म्हणालो.

"वीस वर्षं लागली," ही म्हणाली. "चला आता, कुकर लावायचाय."

या गोष्टीला आता सात महिने झाले. कन्या रोज जाते-येते. ती निघण्याआधी मी गाडीभोवती एक चक्कर मारतो. दर रविवारी हवा तपासून आणतो. गाडी आता पुसत नाही, बघतो. परवा भाऊसाहेब कुंपणापाशी उभे राहून मागच्या चाकाकडे बराच वेळ पाहत होते. मग त्यांनी जीभ चुकचुकवली.

"गुरुजी, फसवलं तुम्हाला. सात महिन्यांत झिजायला लागला की हो हा! माझा बघा."

"झिजू द्या," मी म्हणालो.

असला उधळपट्टीचा शब्द आमच्या घराण्यात आजवर कुणी उच्चारला नव्हता. आत कपबशा विसळण्याचा आवाज क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला. त्या दिवशी न मागता दुसरा चहा आला.